नव्या गुरुजींची तीन वर्षे

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची गाडी गावात यायच्या आत शाळेचे गुरुजी घरोघर फिरत असतात. लेकराला सोबत नेऊ नका, आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहातून दोन वेळचं जेवण मिळेल, हे सांगत. आजीचे गुडघे गेलेले, आजोबा अंथरुणाला खिळलेले. एका फेरीत कुणी हो म्हणत नाही. संध्याकाळी पुन्हा जावं लागतं, बापाशी बोलावं लागतं. हे काम वीस वर्षं नोकरी झालेला शिक्षक करतो तसंच गेल्या वर्षी रुजू झालेलाही करतो. वर्ग तेच, पोषण आहाराची नोंदवही तीच, निवडणुकीची ड्यूटी तीच. महिनाअखेरीला हातात पडणारी रक्कम तेवढी वेगळी.

२००० साली, पाचव्या वेतन आयोगाच्या भाराखाली राज्याची तिजोरी वाकलेली असताना, महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. मध्य प्रदेशात शिक्षाकर्मी, उत्तर प्रदेशात शिक्षामित्र अशा वाटा त्याच सुमारास निघाल्या होत्या. आपल्याकडे प्राथमिक शाळेतल्या नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं महिना ३,००० रुपयांवर काढायची, मग वेतनश्रेणी. महागाई भत्ता नाही, वार्षिक वेतनवाढ नाही. पुढे ही रक्कम ६,००० झाली आणि तिथेच गोठली. २०१२ नंतर तर भरतीच जवळपास थांबली.

मला सर्वांत जास्त खुपते ती २०१९ ची तुकडी. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून त्या वर्षी निवडले गेलेले प्राथमिक शिक्षक ६,००० रुपयांवर रुजू झाले. सातव्या वेतन आयोगात त्याच पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन होतं २९,२००. फरक महिन्याला २३,२०० रुपयांचा. भत्ते सोडून दिले तरी छत्तीस महिन्यांचे ८,३५,२०० रुपये होतात. त्यात करोना आला. २०२०-२१ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती, म्हणजे सव्वीस दिवसांचे ६,१८८. डी.एड., टीईटी, अभियोग्यता चाचणी पार करून आलेल्या माणसाला आपण मजुरापेक्षा कमी देत होतो. मजुराची मजुरीही पुरेशी होती असं नाही, हे वेगळं सांगायला नको. मग १ जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिकसाठी अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. तोवर २०१९ साली वेळेत रुजू झालेल्यांची तीन वर्षं संपली होती. त्यांच्या पदरात त्या वाढीतला एक रुपयाही पडला नाही.

नव्या माणसाच्या पगाराला कात्री लावणं सरकारला नेहमीच सोपं जातं, कारण निर्णय होतो तेव्हा तो माणूस अजून नोकरीत नसतो. मोर्चात तो नसतो, संघटनेच्या वर्गणीदारांत नसतो. आर्थिक मंदीत सापडलेल्या आयर्लंडनेही हेच केलं. १ जानेवारी २०११ पासून नोकरीला लागणाऱ्या शिक्षकांचं वेतन १० टक्क्यांनी कमी केलं, वर्षभराने त्यांचे भत्तेही गेले. फरक असा की तिथे जुन्या शिक्षकांच्या संघटनांनी नव्यांचा प्रश्न आपला मानला आणि पुढच्या दशकभरात तुकड्यातुकड्यांनी बरंच परत मिळवलं. आपल्याकडच्या संघटनांनी २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप करून दाखवला. तेवढी ताकद या प्रश्नामागे कधी उभी राहिली नाही, याचं वाईट वाटतं.

नवा शिक्षक आधी पारखून घ्यायला हवा, असं म्हणतात. जरूर पारखा. तलाठी आणि पोलीस शिपाईही पारखूनच घेतले जातात, पण पहिल्या महिन्यापासून वेतनश्रेणीत. ग्रामसेवक आणि कृषिसेवकांच्या नशिबी मात्र शिक्षणसेवकांसारखीच तीन वर्षं आली. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात सांगितलं आहे.

दूरच्या जिल्ह्यातून जालन्यात आलेल्या शिक्षकाला १६,००० मध्ये खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे असतात. त्याचं अर्धं लक्ष पहिल्या दिवसापासून बदलीकडे लागलं तर दोष त्याला कसा द्यायचा? आणि तो गेला की त्या आजीकडे पुन्हा अनोळखी माणूस जाणार.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने आठव्या वेतन आयोगाला मान्यता दिली. उद्या राज्यातल्या वेतनश्रेण्या बदलतील आणि मानधन आहे तिथेच राहिलं तर दरी पुन्हा २०१९ इतकी होईल. म्हणून मानधन वाढवून मागण्यात अर्थ नाही. ही योजनाच रद्द करून पहिल्या दिवसापासून वेतनश्रेणी द्यायला हवी. ज्यांची तीन वर्षं आधीच गेली, त्यांच्या वेतनवाढी रुजू झाल्याच्या तारखेपासून धरून वेतननिश्चिती करावी. थकबाकी एकदम देणं जमत नसेल तर हप्त्यांनी भविष्य निर्वाह निधीत जमा करावी. वेतन आयोगांच्या थकबाकीसाठी सरकारने हा मार्ग याआधी वापरलेला आहे. २०२४ च्या भरतीत आलेल्यांची तीन वर्षं २०२७ मध्ये संपतील. निर्णय त्याआधी झाला पाहिजे.