पाण्यावरची राजधानी

१५२१च्या जुलैत मॅगेलनच्या मोहिमेतली उरलेली जहाजं ब्रुनेईला लागली. मॅगेलन एप्रिलमध्येच फिलिपिन्समध्ये मारला गेला होता. पण मोहिमेची हकीकत टिपणारा इटालियन अंतोनिओ पिगाफेत्ता जहाजावर होता. राजाचा वाडा आणि काही सरदारांची घरं सोडली, तर सगळं शहर खाऱ्या पाण्यात उंच खांबांवर उभं आहे, असं त्याने लिहून ठेवलं. चुली किती, तर पंचवीस हजार. आकडा फुगलेला असणार. तरी ती कुणा निराधारांची वस्ती नव्हती. दूरवर दरारा असलेल्या सुलतानाची राजधानी होती.

हे मुद्दाम सांगायचं, कारण पाण्यावरचं घर म्हटलं की आपल्याला नाइलाजच दिसतो: जमीन मिळाली नाही म्हणून माणूस पाण्यात गेला. ब्रुनेईच्या याच पाण्यावरच्या वस्तीने, कांपोंग आयेरने, मला उलटा विचार करायला लावलं. इथली माणसं पाण्यात राहिली, कारण त्यांचं पोट पाण्यावर होतं. मासळी नदीत, माल नदीतून, पाठीमागे टेकड्या आणि दाट जंगल. खांबांना निबोंग ताडाचे सोट, छपराला निपाच्या झावळ्या. दोन्ही आसपासच्या दलदलीतून आणायचं.

पुण्यात जशी तांबट आळी, तशी इथे धंद्यांवरून वसलेली गावं होती. कुठे लोहार, कुठे पितळेचं ओतकाम करणारे, कुठे कोळी. बाजार मात्र दारात यायचा. पादियान म्हणजे होडीतून माल विकणाऱ्या बायका. रुंद काठाच्या विणलेल्या टोप्या घालून, वल्हं मारत त्या घरोघर फिरायच्या; घरातल्या बाईने वरून हाक मारायची, होडी खांबाला लावून सौदा व्हायचा. भरतीच्या वेळी होड्यांतून गरजेच्या वस्तू विकणाऱ्या बायका पिगाफेत्तानेही पाहिल्या होत्या. एवढ्या मोठ्या शहराचं रोजचं खाणंपिणं शतकानुशतकं बायकांच्या वल्ह्यावर चाललं, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

१९०६मध्ये मॅकआर्थर हा पहिला ब्रिटिश रेसिडेंट म्हणून आला, आणि लोकांना जमिनीवर आणणं हे सरकारी धोरण झालं. १९२९मध्ये ब्रुनेईतल्याच सेरियाला तेल सापडलं; नोकऱ्या तिकडे गेल्या. पुढे घरकुलांच्या योजनाही जमिनीवर आल्या. गेलेल्यांना दोष देववत नाही. सांडपाणी थेट नदीत जायचं, लाकडी घरं एकमेकांना खेटून. एक घर पेटलं की ओळच्या ओळ जळायची. अशी आग पाहिलेल्या माणसाला सिमेंटच्या भिंती हव्याशा वाटणारच.

पण सुधारायचं तर आधी जमिनीवर या, ही अट कशासाठी? नळ, वीज, शाळा, मशिदी, अग्निशमन केंद्रं पुढे पाण्यावरही आलीच. सरकारने काँक्रीटच्या खांबांवर नवी घरंही बांधली. आजही तिथले नोकरदार मोटरबोटीने काठावर येतात आणि तिथे लावलेली आपली गाडी काढून कामाला जातात. म्हणजे पाण्यावर राहून आधुनिक होता येत होतं. गाव खचलं ते कामधंदे काठावर गेल्यामुळे. पितळेचं ओतकाम मंदावलं, पादियान जवळपास दिसेनाशा झाल्या. गिऱ्हाईक जमिनीवर गेल्यावर होडीत माल भरून फिरायचं कुणासाठी? प्रवासी नेणारे होडीवाले तेवढे टिकून आहेत, कारण त्यांचं गिऱ्हाईक अजून पाण्यावर राहतं.