नादमर्यादा

श्रावणातील अखेरच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वरास जो जलाभिषेक होतो, त्याची रीत वऱ्हाडाबाहेरील वाचकास माहीत असेलच असे नाही. शहरातील मंडळे आदल्या दिवशी सुमारे १८ किलोमीटरवरील गांधीग्रामास जातात, तेथे पूर्णा नदीचे पाणी कावडींत भरून घेतात, आणि रात्रभर पायी चालून ते जुन्या शहरातील या ग्रामदैवताच्या पिंडीवर घालतात. १९४४ साली अवर्षणाच्या संकटात ही प्रथा सुरू झाली, असे अकोलेकर सांगतात. शेकडो भरण्यांच्या, म्हणजे पाण्याच्या घागरींच्या, कावडीचा भार खांदे बदलीत वाहावा लागतो. तो वाहणारा जो महादेवाचा घोष करतो, तो श्वासाला श्वास जोडूनच करतो. म्हणून उत्तररात्रीच्या शिणवट्यात तो घोष आपोआप मंदावतो, आणि शहराची हद्द दिसू लागली की पुन्हा उसळतो. या चढउतारावर कोणाचा हुकूम चालत नाही आणि त्यासाठी कोणापाशी परवानाही मागावा लागत नाही.

देवाच्या नावाने केलेल्या घोषाला मर्यादा असावी काय, आणि असावी तर ती कोणी घालावी, हा प्रश्न आज आपल्यापुढे न्यायालयाच्या आणि पोलीस ठाण्याच्या वाटेने आलेला आहे. परंतु तो मुळात धर्माचा प्रश्न आहे, आणि पूर्वजांना तो पडला नाही याचे कारण त्याचे उत्तर देहानेच देऊन ठेवले होते. गळा बसतो, ढोलकऱ्याचे मनगट भरून येते, टाळकऱ्याचे पाय अवघडतात. भक्ती कितीही उत्कट असली तरी तिला वाहून नेणारे शरीर दमते, आणि त्या दमण्यातच शेजाऱ्याची झोप, आजाऱ्याची विश्रांती व खुद्द भक्ताचे भान सुरक्षित राहत असे. विजेला शीण नाही. मिरवणुकीतील गाडीवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या बॉक्सना पहाटेचे तीन आणि सायंकाळचे सात सारखेच. आणि म्हणूनच जी मर्यादा पूर्वी अस्थिमांसात होती, ती आता कोठेतरी मुद्दाम लिहून ठेवणे भाग पडले आहे. ती लिहिण्याची जागा कोणती, हे पाहू गेल्यास आपण एका निर्जीव पेटीपाशी येऊन पोचतो.

ध्वनिक्षेपणाच्या धंद्यात जिला नुसते ‘प्रोसेसर’ म्हणतात, ती ही पेटी दिसावयास अगदीच सामान्य आहे: चपटा लोखंडी डबा, पुढे लहानसा पडदा आणि काही कळा. मिक्सर आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये तिचे स्थान. ती स्वतः गात नाही, बोलत नाही, आणि आवाज मोठा करणे हे तिचे कामही नाही. आलेल्या ध्वनीचे अंकांत रूपांतर करून त्यातला कोणता अंश कोठे, केव्हा आणि किती जावा एवढाच निवाडा ती करते. हरिनाम सप्ताहाच्या मंडपात दुपारी, कीर्तनाला अद्याप अवकाश असताना, साउंडवाला जेव्हा या पेटीपुढे बसतो, तेव्हा तो नेमके काय करीत असतो, हे पाहण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. मी ती घेतली आणि मला त्यात तत्त्वचिंतनाला पुरेसा विषय मिळाला.

प्रथम तो विभागणी करतो. पखवाजाच्या धुमेचा घनगंभीर भाग, साधारणतः १०० हर्ट्झच्या खालचा, बेसकडे जातो. त्याच्या वरचा, ज्यात कीर्तनकाराची वाणी, बाजाची पेटी आणि टाळ येतात, तो टॉपकडे. दोहोंच्या सांध्यावर एकाने दुसऱ्याला मारू नये म्हणून लिंकविट्झ व रायली या अभियंत्यांनी १९७६ मध्ये मांडलेली उताराची योजना आजही बहुधा वापरली जाते. मग तो वाणी निवळून घेतो: ज्या व्यंजनांवर शब्दाचा अर्थ अवलंबून असतो, त्यांची स्पष्टता मुख्यत्वे २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि टाळांचा खणखणाटही नेमका त्याच प्रदेशात घुसखोरी करतो. या भागाविषयी अधिक लिहीत नाही. तो कसबाचा विषय आहे आणि कान तयार असलेला माणूस तो चुटकीसरशी उरकतो.

खरा विचार करावासा वाटतो तो विलंबाचा. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने उतरते. म्हणजे व्यासपीठाशेजारच्या बॉक्सपासून एका मीटरवर १०० डेसिबल असेल तर बत्तिसाव्या मीटरवर ७० च उरतात. पुढच्या रांगेतील म्हाताऱ्याचे कान फुटतात आणि मागच्या रांगेतील म्हाताऱ्याला काही कळत नाही, अशी ही अवस्था. तिच्यावर अज्ञ मनुष्याचा उपाय एकच, आवाज वाढवा. आणि तो किती महागडा आहे पाहा: अँप्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी पातळी ३ डेसिबलनेच चढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटावा म्हणून सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती खर्चावी लागते. जाणता साउंडवाला असे न करता मंडपाच्या मध्यावर बॉक्सची दुसरी जोडी उभी करतो. परंतु तारेतून गेलेला संदेश तेथे तत्काळ पोचतो आणि व्यासपीठावरचा ध्वनी हवेतून रमतगमत येतो. एकच शब्द दोनदा ऐकू येऊन अर्थाचा चिखल होतो. म्हणून प्रोसेसरमध्ये त्या जवळच्या बॉक्सला थांबावयास लावतात. दुसरी जोडी ६० मीटरवर असेल तर वैशाखातल्या ४५ अंशांच्या उन्हात, जेव्हा ध्वनी सेकंदाला सुमारे ३५७ मीटर धावतो, तिला १६८ सहस्रांश सेकंद थांबवावे लागते. कार्तिकात काकड्याच्या वेळी पारा १२ अंशांवर असला तर हवा ध्वनीला सावकाश नेते आणि तोच विलंब १७७ वर जातो. अकोल्यासारख्या उष्णतेच्या गावी ऋतू पाहूनच हा अंक बसवावा लागतो.

याहूनही विलक्षण गोष्ट पुढे आहे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, एकच ध्वनी दोन ठिकाणांहून अल्प अंतराने आला तर कान पहिल्या आगमनालाच ध्वनीचे मूळ मानतो, आणि मागून येणारा काहीसा अधिक मोठा असला तरी त्याला स्वतंत्र अस्तित्व देत नाही. म्हणून कुशल माणूस जवळच्या बॉक्सला हिशेबापेक्षा आणखी दहापंधरा सहस्रांश सेकंद मागे ठेवतो. मग मागच्या रांगेत बसलेल्या बाईच्या कानात पडणारा बहुतेक आवाज तिच्या डोक्यावरील बॉक्समधून येत असूनही तिला वाटते, बुवाच बोलत आहेत, आणि तिची दृष्टी व्यासपीठावर स्थिर राहते. वारकरी कीर्तनात बुवांनी चरण सोडल्यावरच मागचे टाळकरी तो उचलतात; त्यांचा समवेत स्वर बुवांच्या स्वराहून भारी असतो, तरी कीर्तन कोणाचे याविषयी संभ्रम होत नाही, तसेच हे. ही फसवणूक आहे काय? इंद्रियाला भ्रम होतो हे नाकारता येत नाही. परंतु हा भ्रम असत्याकडे नेणारा नाही, कारण वाणी खरोखरच बुवांची आहे आणि भ्रम दूर केला तरच श्रोता तिचे मूळ विसरून भलत्याच ठिकाणी पाहू लागेल. वेदान्ती ज्याला उपाधी म्हणतात, ती आपले रूप न दाखवता वस्तूचे रूप दाखवू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला अन्यत्र मिळालेले नाही.

येथे पतंजलीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. व्याकरणमहाभाष्यात द्रुत आणि विलंबित उच्चारांचा विचार करताना तो भेरीचा दृष्टान्त देतो: कोणा भेरीचा नाद वीस पावले जातो, कोणाचा तीस, कोणाचा चाळीस, स्फोट मात्र तेवढाच असतो, वाढ होते ती ध्वनीची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वैयाकरणाला विद्युत् ठाऊक नव्हती, तरी ध्वनिवर्धनाची संपूर्ण मीमांसा त्याने एका दृष्टान्तात उरकून टाकली आहे. हा स्फोट, म्हणजे शब्दाचा जो अर्थप्रकाशक गाभा, तो चाळीस पावलांनी वाढत नाही आणि चाळीस हजार वॅटांनीही वाढत नाही. नामस्मरणाच्या परंपरेने तर याच्याही पुढे जाऊन उलटा क्रम लावला: मनुस्मृतीत मोठ्याने केलेल्या जपाहून ओठांत पुटपुटलेला उपांशू जप श्रेष्ठ, आणि त्याहून मानस जप श्रेष्ठ. जसजसा ध्वनी ओसरतो तसतसे पुण्य चढते, असा हा दंडक आहे. देवाला ऐकू जावे म्हणून बॉक्स लावणाऱ्यास शास्त्रात आधार सापडणे कठीण.

परंतु एवढ्यावरून ध्वनिक्षेपकच निषिद्ध ठरवू पाहणाऱ्यांशी माझे जमत नाही. जप देवासाठी असेल, कीर्तन माणसांसाठी असते. नवविधा भक्तीत श्रवणाला अग्रस्थान आहे, आणि श्रवणाला ध्वनीवाचून गती नाही. अमरावती जिल्ह्यातील माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी अगदी शैशवातच गेली. १८८१ ते १९१५ एवढ्या अल्प आयुष्यात या प्रज्ञाचक्षूने जी शास्त्रे आत्मसात केली व जो ग्रंथसंभार निर्माण केला, ती सारी कानाच्या वाटेने आलेली विद्या होती. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे समुदायाशी चाललेला सवालजवाब. त्यांचा सवाल शेवटच्या माणसापर्यंत गेलाच नाही तर जवाब यावयाचा कोठून? तेव्हा शब्द मागच्या रांगेत पोचावा, ही इच्छा धर्माचीच आहे. तो मंडपाच्या कनातीपलीकडे, परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या उशाशी पोचावा, ही इच्छा कोणाची? ती देवाची नव्हे, श्रोत्याची नव्हे. ती वाजवून घेणाऱ्याची आहे. गीतेने सत्कार-मान मिळावा म्हणून दंभाने केलेल्या तपाला राजस म्हटले, त्याची व्याप्ती आज पुष्कळ वाढवावी लागेल.

प्रोसेसरमधील शेवटची तजवीज, जिला लिमिटर म्हणतात, ती नेमकी या इच्छेला भिडते. ठरवून दिलेल्या रेषेच्या वर ध्वनी जाऊ लागला की काही सहस्रांश सेकंदांत ती त्याला खाली दाबते. मिक्सरवरील कळ कोणी कितीही वर सारली तरी बाहेर जावयाचे तेवढेच जाते, आणि ही रेषा परवलीच्या अंकाने कुलूपबंद करता येते. साउंडवाला ही रेषा बहुधा स्वतःच्या बॉक्सची कॉइल जळू नये म्हणून आखतो, शेजाऱ्याच्या झोपेसाठी नव्हे, हेही येथे नमूद करावयास हवे. आपल्याकडे मालाची काळजी माणसाच्या काळजीच्या आधी यंत्रात शिरते. कायद्याला मात्र ही दुसरी काळजी सुचली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ध्वनिक्षेपकांना बंद केली, आणि पुढे २००२ च्या दुरुस्तीने सणासमारंभांपुरती वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आला. २००० सालीच चेन्नईच्या एका ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दुसऱ्यांची शांती मोडून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या रहिवाशांच्या फिर्यादीवर निर्णय देताना, ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हणून, सर्व धर्मस्थळांच्या यंत्रांतच मर्यादा पक्की करण्याचा विचार सरकारने करावा असे सुचविले.

म्हणजे देहातून सुटलेली मर्यादा आता हुकुमाने पेटीत शिरणार. यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला जातो: यंत्राने दाबून धरलेला आवाज हा संयम कसा, ज्याला ओरडताच येत नाही त्याच्या मौनाला पुण्य कोठले? नुसता निग्रह काय करील, असे गीतेनेही विचारलेले आहे. आक्षेप खरा आहे, पण तो अर्धाच खरा आहे. आपल्या धर्मजीवनात व्रताला जे स्थान आहे त्याकडे पाहा. व्रत म्हणजे तरी काय? शांत घटकेच्या मनाने क्षुब्ध घटकेच्या मनाला आगाऊ घातलेले कुलूपच ते. सकाळी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडणारा मनुष्य संध्याकाळच्या भुकेवर विश्वास ठेवीत नाही, म्हणूनच तो सकाळीच बांधून घेतो. आणि संध्याकाळी तो केवळ बांधला गेल्यामुळे उपाशी राहिला म्हणून त्याचे व्रत कोणी खोटे ठरवीत नाही. दुपारी रिकाम्या मंडपात, मिरवणुकीचा ज्वर अंगात चढण्यापूर्वी, मंडळाने आपल्या हाताने आखलेली लिमिटरची रेषा हा संकल्प आहे. तीच रेषा, तोच अंक, बंदोबस्ताला आलेल्या फौजदाराने बसविला तर ती बेडी आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक ज्याने कळ फिरविली त्याच्यात आहे, आणि तो फरक मोजणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

मग परवलीचा अंक कोणापाशी राहावा? अध्यक्षापाशी ठेवला तर रात्री साडेनऊला तरुण मंडळी त्याला गाठतील, आणि तो त्यांचाच काका-मामा असल्याने विरघळेल. साउंडवाल्यापाशी ठेवला तर त्याचे भाडे त्याच मंडळींकडून यावयाचे असते. ठाण्यात ठेवला की संकल्पाची बेडी झाली. संकल्पाला साक्षी लागतो, आणि साक्षी तटस्थ लागतो. म्हणून माझी सूचना अशी की, दुपारी मंडळातील दोघांनी डेसिबलमापक घेऊन मंडपाला लागून असलेल्या शेवटच्या घराच्या अंगणात उभे राहावे, तेथे रेषा ठरवावी, आणि अंक त्याच घरच्या कर्त्या बाईच्या स्वाधीन करावा. घर दुसऱ्या धर्माचे असेल तर अधिक बरे. तिच्यावर दडपण येईल ही शंका रास्त आहे. परंतु ज्या मंडळाची मुले रात्री दहा वाजता शेजारणीच्या दारात जाऊन तो अंक मागण्याचे धाडस करतील, त्या मंडळाने सप्ताह बसवावा की नाही, हा विचार प्रथम करावा लागेल.