झाडाचा देश

माझ्या पत्नीचे माहेर वेंगुर्ल्याकडचे. तिकडून तिने एकदा सुरंगीचे रोप आणून आमच्या धुळ्याच्या अंगणात लावले. कोकणात पाऊस शंभर इंचांहून अधिक. आमच्याकडे जेमतेम वीस-पंचवीस इंच, आणि वैशाखात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर. रोपाभोवती आम्ही ताट्या बांधल्या, रोज सायंकाळी दोन घागरी पाणी घातले. तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. शेजारच्या बाई एक घागर पाणी मागावयास आल्या, तेव्हा मी त्यांना रित्या हाताने परत पाठविले. आणि त्याच सायंकाळी सुरंगीला पाणी घातले. पुढे ते रोप जळालेच.

हे आज आठवण्याचे कारण असे की, माझ्या मेहुण्याने समुद्राकाठी घर बांधले असून बागेत कोणती झाडे लावावीत असे मला विचारले आहे. ती ‘देशी’च असावीत असा त्याचा आग्रह आहे. आग्रह स्तुत्य खरा. पण देशी कशास म्हणावे? दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोचा, निशिगंधही तिकडचाच. गुलमोहर मादागास्करचा. ज्या केळीवर जळगावचे शेतकरी संसार चालवितात तिचे मूळ घर आग्नेय आशियाकडे. जन्मावरून लायकी ठरविण्याची खोड आपल्या समाजास पुरेशी भोवली आहे. ती बागेत नेण्याचे कारण नाही.

उलट सुरंगी अस्सल आपली, तरी माझ्या अंगणात ती परकीच ठरली! नकाशावरील देश माणसांनी आखला. झाडाचा देश माती आणि पाऊस आखतात. खानदेशच्या खडकाळ माळावर अंजन कोणी पाणी न घालता उभा राहतो, आणि त्याचा पाला गुरे खातात. तो मेहुण्याच्या वाळूत नेऊन लावणे हा स्वदेशाभिमान नव्हे, हट्ट होय.

म्हणून झाडाला त्याचे गाव विचारण्यापेक्षा, ते कोणाच्या जिवावर जगते हे विचारावे, असे मला वाटते. घाणेरी शोभेसाठी अमेरिकेतून आणली. तिने रानेच्या राने व्यापली. कोकणच्या किनाऱ्यावर लावलेला सुरू वारा अडवितो, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही; परंतु गळलेल्या काड्यांच्या थराखाली तो दुसऱ्या कोणास फारसे उगवू देत नाही. तेथील मर्यादवेल पाहा. वाळूवर सरपटताना ती पेरापेरांशी मुळे सोडते आणि सरकती वाळू धरून ठेवते. तिच्यामागे केवडा, भेंड, उंडी. उंडीच्या तेलावर पूर्वी दिवे जळत. यांना माळ्याची घागर लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, माहेरच्या सुगंधाची ओढ हीसुद्धा गरजच नव्हे काय? आहे, तिला मी क्षुद्र म्हणणार नाही. माझी चूक सुरंगी लावण्यात नव्हती. तिचे मोल मी दुसऱ्याच्या तहानेने चुकविले, आणि तेही प्रेमाच्या नावाखाली. म्हणून ते मला तेव्हा दिसले नाही.

मेहुण्यास मी मर्यादवेल न उपटण्याविषयी लिहिले, आणि मागे उंडी व भेंड लावण्यास सुचविले. झेंडू हवा तर खुशाल लाव, असेही लिहिले. पत्र टाकण्यापूर्वी पत्नीने ते वाचले आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: ‘एक सुरंगी माझ्या नावाची लाव.’ शेजारच्या बाईंना ती घागर अजून आठवते काय, हे विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही.