बायबल कोणी दिले?

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट आप्त लग्नाच्या वा मयताच्या निमित्ताने एकत्र बसले, की बोलण्याच्या ओघात एक जुना वाद हमखास डोके वर काढतो. एक म्हणतो, "आमच्या ल्यूथरने बायबल धर्मगुरूंच्या कुलपातून सोडवले नसते, तर ते तुमच्या हाती पडलेच नसते." दुसरा उत्तरतो, "आमच्या ख्रिस्तसभेने दीड हजार वर्षे ते जपले नसते, तर तुमच्या ल्यूथरने भाषांतर कशाचे केले असते?" मग कोणीतरी चहा आणते आणि विषय बदलतो. हा वाद इतिहासाचा आहे असे आपण समजतो. मला मात्र तो साक्षीचा प्रश्न वाटतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणीच पाठ केली. प्रत्येक शब्द खरा असूनही साक्ष खोटी ठरू शकते काय, हे या वादाच्या आधारे तपासून पाहण्यासारखे आहे.

कॅथलिक बाजू प्रथम घेऊ. ती दुबळी नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस पोप दमासस यांच्या सांगण्यावरून संत जेरोम यांनी शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर सुधारण्यास हात घातला, आणि पुढे जुना करार हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. लॅटिन ही त्या काळी पश्चिमेकडील असंख्य लोकांची बोलण्याची भाषा होती, पंडितांच्या सोवळ्यातली नव्हे. पुढे हजार वर्षे मठवाशांनी हाताने नकला केल्या. सुमारे १४५५ मध्ये गुटेनबर्गने माइन्झ येथे छापलेला मोठा ग्रंथ तो हाच. इतकेच नव्हे, तर १५२२ मध्ये ल्यूथरचा नवा करार निघण्यापूर्वी संपूर्ण बायबलच्या अठरा जर्मन आवृत्त्या छापून झाल्या होत्या. त्यांतील पहिली स्ट्रासबर्गची, १४६६ ची. इटालियन बायबल १४७१ मध्ये व्हेनिसला निघाले. ल्यूथरपूर्वी सामान्यांच्या भाषेत बायबल नव्हतेच, हे विधान आपण कितीही व्यासपीठांवरून ऐकलेले असले, तरी ते चूक आहे.

पण येथेच थांबणारा साक्षीदार पुष्कळ गाळतो. इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकाच्या आरंभापासून बिशपांच्या संमतीवाचून बायबलचे नवे भाषांतर करणे हा गुन्हा होता. विल्यम टिंडेल याला नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर परदेशी, वर्म्स येथे, १५२६ मध्ये छापावे लागले. लंडनच्या बिशपांनी त्याच्या प्रती जाळल्या आणि १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ त्यालाही मृत्युदंड झाला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६४ मध्ये निघालेल्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीबरोबर असा नियम आला, की देशी भाषेतील बायबल वाचायचे तर बिशपांची वा धर्मन्यायाधीशांची लेखी परवानगी हवी. स्पेनमध्ये बंदी त्याहून कडक होती. स्पॅनिश भाषेतले संपूर्ण बायबल कासिओदोरो दे रेना याने देशोधडीला लागून १५६९ मध्ये बाझल येथे छापले. कॅथलिक अनुमतीचे संपूर्ण स्पॅनिश बायबल स्पेनमध्ये छापले गेले ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. दोनशेहून अधिक वर्षे! 'आम्ही जपले' म्हणणाऱ्याने 'आम्ही अडवले' हेही त्याच आवाजात म्हणावयास हवे.

आता दुसरी बाजू. ल्यूथरच्या नव्या कराराच्या पहिल्या तीन हजारांच्या आसपास प्रती भराभर खपल्या आणि तीन महिन्यांत दुसरी आवृत्ती काढावी लागली. बाजारात, घरात, आईच्या तोंडी असते ती जर्मन भाषा त्याने वापरली. ते श्रेय त्याचेच. परंतु ज्या ग्रीक पाठावरून त्याने भाषांतर केले तो कोणी सिद्ध केला? इरॅस्मस या कॅथलिक धर्मगुरूने. आणि १५१६ मध्ये तो प्रसिद्ध करताना त्याने ग्रंथ अर्पण केला पोप दहावे लिओ यांना. शेतकऱ्याने नांगर धरताना आणि विणकराने मागावर बसून शास्त्रवचने म्हणावीत, ही इच्छाही त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. हे आपल्या प्रॉटेस्टंट प्रवचनांत क्वचितच ऐकू येते.

साखळीची गोष्ट तर ऐकू येतेच येते. रोमने बायबल साखळदंडाने बांधून ठेवले होते, असे ती सांगते. वाचकहो, साखळ्या होत्या, हे खरे. चर्मपत्रावरच्या एका बायबलला दीडशेहून अधिक जनावरांची कातडी लागत. असा ग्रंथ चोरीस जाऊ नये म्हणून तो मेजाशी बांधीत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडल्यावर १५३८ मध्ये प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवण्याचा हुकूम सुटला, तेव्हा ही नवी बायबलेही साखळीनेच बांधली गेली, आणि तीसुद्धा लोकांना वाचता यावीत म्हणून! पुढे १५४३ मध्ये त्याच राजाच्या पार्लमेंटने कायदा करून शिकाऊ कारागीर, मजूर आणि खालच्या थरातील स्त्रिया यांना इंग्रजी बायबल वाचण्यास बंदी केली. ही साखळी मात्र खरी होती, आणि ती रोममध्ये घडलेली नव्हती. हेन्रीला प्रॉटेस्टंट म्हणावे की नाही, हा वाद मी येथे सोडून देतो; त्याच्या कारकिर्दीतले हुकमाचे बायबल आपल्या खात्यात धरायचे, तर कायद्याची बंदीही त्याच खात्यात धरावी लागेल.

बंदी घालणारे सगळे दुष्ट होते, असे मला वाटत नाही. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती पवित्र शास्त्र गेले तर अनर्थ होईल, ही त्यांची भीती होती. १५२५ मध्ये जर्मन शेतकरी शास्त्रवचनांचा आधार घेऊन उठले, तेव्हा खुद्द ल्यूथर हादरला आणि त्यांच्यावर कठोर शब्दांत तुटून पडला. भीती प्रामाणिक असू शकते. पण जो पालक मूल पडेल म्हणून त्याला पिढ्यान्‌पिढ्या चालूच देत नाही, त्याच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचा हक्क मुलाला आहेच. कॅथलिक ख्रिस्तसभेने ते स्वतःच ओळखले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सहज उपलब्ध असावे असे जाहीर केले. १९६८ पासून दोन्ही बाजूंच्या भाषांतरकारांनी एकत्र बसावे यासाठी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. वादाला चारशे वर्षे पुरली आणि एकत्र बसण्याला एक टेबल पुरले.

आपल्या मराठीतही हीच ओढाताण आहे. कॅथलिक सांगतो, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. प्रॉटेस्टंट सांगतो, पुराण म्हणजे बायबल नव्हे. मराठी नवा करार दिला तो विल्यम केरी यांनी, बंगालमधील सेरामपूरहून, १८११ मध्ये. दोघांचेही म्हणणे खरे. पण केरींच्या मराठीमागे वैजनाथ नावाच्या पंडितांची मेहनत होती, आणि ते तर या दोन्ही घरांतले नव्हते. पुढे प्रचलित भाषांतर अल्पशिक्षित स्त्रियांना जड जाते असे पाहून पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केडगावला स्वतंत्र भाषांतर केले. त्याची छपाई मुक्तिसदनातील मुलींनी आणि स्त्रियांनी केली. १९२२ मध्ये बाई गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

आणि ख्रिस्तपुराण? ते तिसऱ्यांदा १६५४ मध्ये छापले गेले. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. पुराणाची चौथी छापील आवृत्ती निघाली ती १९०७ मध्ये, मंगळूरला. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत तोवर उपलब्ध नव्हती. संपादकांनी ती सिद्ध केली ती हस्तलिखितांवरून. मधल्या अडीचशे वर्षांत घराघरांतून कोणीतरी त्या हजारो ओव्या बोरूने उतरवून घेत होते. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत.