द्राक्षारसाची चव आणि मोहाची धार

बाटलीचे बूच काढावे, पेल्यात थोडा द्राक्षारस ओतावा, उजेडासमोर धरून त्याचा रंग न्याहाळावा, वास घ्यावा, एक घोट जिभेवर घोळवावा आणि शेजारच्या स्नेह्याला सांगावे की, ह्यात पेरूचा गंध आहे आणि शेवटी किंचित तुरटपणा मागे राहतो. अशी रसिक मंडळी आता महाराष्ट्रातही पुष्कळ झाली आहेत. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, नाशिकच्या परिसरात वाईनचे कारखाने वाढले आणि त्यांच्या पाठोपाठ हे चवीचे बोलणेही आले. अलीकडे कोणती बाटली उघडली, शिराज अजून दोन वर्षे ठेवायला हवी होती काय, ह्यावर तासन्‌तास गप्पा रंगतात. ह्या बोलण्यात काही गैर आहे काय? नाशिकला बसून हा प्रश्न सोपा वाटतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तोच विचारला की जड होतो.

रसिकांच्या बाजूचे जे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. चव घेणारा सावकाश पितो. झिंग यावी म्हणून पिणाऱ्याला पेरूचा गंध कधी लागत नाही. सृष्टीच्या देणगीकडे असे लक्ष देणे हा कृतज्ञतेचाच एक प्रकार आहे. शिवाय ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला कधी अपवित्र म्हटलेले नाही. पवित्र मिस्सासाठी द्राक्षाचाच निर्भेळ रस लागतो, आणि राज्याच्या दारूबंदी कायद्यातही अशा धर्मविधीसाठी सोय ठेवलेली आहे.

पण चवीची भाषा काय एकट्या द्राक्षालाच आहे? आमच्याकडे मोहाची फुले गळू लागली की माणसे पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ती फुले वाळवून खातात, त्यांचे गोड पदार्थ करतात, आणि आंबवून त्यांची दारूही गाळतात. 'पहिल्या धारेची' हा शब्द साऱ्या मराठी मुलखाने उचलला तो अशाच भट्टीवरून. दक्षिण गडचिरोलीतला माडिया गोरग्याच्या झाडाचा रस उतरवतो. तो सकाळी गोड असतो, ऊन चढले की आंबट आणि तीव्र होतो, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक असते. पिण्यापूर्वी पहिले थेंब पूर्वजांच्या नावाने भुईला वाहायचे, ही रीत आहे. इतकी जाण असून ह्या लोकांना रसिक कोणी म्हटले नाही. एकाच आंबवण्याच्या क्रियेला एका घरी अभिरुची म्हणतात आणि दुसऱ्या घरी पोलीस येतात. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, असेही ऐकू आले. मोहाच्या बाबतीत इतकी उदार व्याख्या आमच्या कानी आलेली नाही.

मग हा सारा वर्गभेदाचाच प्रश्न मानून मोकळे व्हावे काय? तसे होता येत नाही, कारण मधे इथल्या स्त्रिया उभ्या आहेत. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीतून; डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे काम त्यामागे होते. चंद्रपूरच्या बायका २०१० साली चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या, आणि १ एप्रिल २०१५ पासून तो जिल्हाही दारूमुक्त जाहीर झाला. ह्या स्त्रियांची तक्रार चवीविषयी नव्हतीच. मजुरी वाटेतच संपते, रात्री मार बसतो, पोराच्या शाळेचे पैसे उरत नाहीत, हे त्यांचे म्हणणे. पिणारा एक आणि किंमत देणारी दुसरीच, असा तो व्यवहार होता. रसिक आपल्या बाटलीचे पैसे निदान स्वतः मोजतो.

चंद्रपूरची बंदी २०२१ साली उठली. चोरटी विक्री वाढली, गुन्हे वाढले, त्यांत स्त्रिया आणि मुलेही ओढली गेली, अशी कारणे सरकारने दिली. ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. तरीही कायदा नीट राबवता आला नाही म्हणून कायदाच काढायचा, हा तर्क आम्हांला पटला नाही. पायी गेलेल्यांना पुन्हा कोणी विचारल्याचेही दिसले नाही.

काना येथील लग्नाची कथा आपण सर्व जाणतो. तीत चव घेणारा एक माणूस आहे, भोजनकारभारी. तो द्राक्षारस चाखतो आणि जाणकारासारखा अभिप्राय देतो: चांगला होता तो यजमानाने शेवटपर्यंत राखून ठेवला. अभिप्राय अचूक आहे. परंतु योहान मधेच एक गोष्ट नमूद करतो, आणि प्रवचनात तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. तो रस आला कोठून हे त्या जाणकाराला माहीत नव्हते. ज्या चाकरांनी पाणी काढले होते त्यांना माहीत होते. उत्तम जीभ आणि पूर्ण अज्ञान एकाच माणसात नांदू शकतात. त्यात त्याचा अपराध नव्हता, पण रांजण काठोकाठ भरणारे हात त्याच्या अभिप्रायात कुठेच आले नाहीत.

करिंथकरांवर संत पौल रागावला तेही असेच. प्रभुभोजनाला जमून एक उपाशी राहतो आणि दुसरा मस्त होतो, हे त्याला सहन झाले नाही. तिथेही द्राक्षारस निषिद्ध ठरला नाही. दोष होता शेजारच्या रिकाम्या ताटाकडे न पाहण्यात. रोमकरांना लिहिताना तर तो आणखी पुढे जातो: आपल्या पिण्याने भाऊ अडखळत असेल तर न पिणेच बरे. नाताळात घरी द्राक्षारस करणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे वचन एकदा मोठ्याने वाचावे. ज्या मेजवानीला व्यसनातून नुकता उठलेला जावई आला आहे, तिथे पेल्यांचे काय करायचे, हे कोणत्याही रसिकाच्या पुस्तकात सापडणार नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांविषयी ठरवण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीत अशा सभांत बायका पुढे बसतात आणि विषय बारकाईने फोडतात: देवाला लागते ती किती, पाहुण्यासाठी चालेल काय, विकणाऱ्याला दंड कोणता. पूजेपुरती मोहाची मोकळीक ठेवून विक्री तेवढी बंद करणारी गावे ह्याच जिल्ह्यात आहेत.