बोटीतले बोट

एखादा जीव पाहण्यासाठी आपण पैसे मोजतो, तेव्हा नेमके काय विकत घेतो? बोटीतली जागा, की त्या जिवाचे दर्शन? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण आज या धंद्यावर जगभर कितीतरी घरांची रोजी चालते. १९५५ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या किनाऱ्यावर माणशी एक डॉलर घेऊन देवमासे दाखवणारी पहिली बोट निघाली. २००८ पर्यंत देवमासे आणि डॉल्फिन पाहायला जाणाऱ्यांची संख्या ११९ देशांत मिळून वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाखांवर गेली. ज्या देवमाशाला माणूस तेलासाठी भाले मारीत होता, त्याला नुसते पाहूनही पोट भरते हे त्याला कळले. चांगलेच झाले. यात कुणाचे दुमत असू नये.

न्यूझीलंडमध्ये कैकोरा येथे माओरी लोकांनी १९८७ साली अशी सफर सुरू केली. तिथे देवमासा दिसला नाही तर तिकिटाचे ८० टक्के पैसे परत मिळतात. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा मुले एका सुरात म्हणाली, "सर, ये तो ईमानदारी है!" आहेच. मापात मारू नये, हे आम्हीच त्यांना रोज शिकवतो. पण माल मिळाला नाही म्हणून पैसे परत, म्हणजे देवमासा हा माल ठरला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "व्हेल को मालूम है क्या, के उसका टिकट है?" वर्ग हसला. आम्हाला मात्र तो प्रश्न साधा वाटला नाही.

आपल्या कोकणात देवमासा क्वचितच दिसतो. इथे बोटी निघतात त्या डॉल्फिनसाठी. पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेले हे डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात, म्हणून दापोलीच्या मुरुड-हर्णै भागात सकाळच्या अर्ध्या तासाच्या फेरीतही ते दिसतात. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती. तांडेल कोकणी मुसलमान, वयाने आमच्याहून मोठा. मुले त्याला चाचा म्हणू लागली. त्याने पुढे उजवीकडे बोट दाखवले आणि पाण्यातून करडी पाठ वर आली. (मराठीत बोट आणि बोट हा एकच शब्द आहे, याची गंमत उर्दू शाळेतल्या मुलांना फार वाटते.) क्षणात आणखी तीन बोटी तीन दिशांनी तिथे धावल्या. "घ्या, अजून जवळ घ्या!" हा ओरडा सगळीकडून येत होता, आमच्या बोटीतूनही. ती पाठ पाण्याखाली गेली ती खूप लांब, एकदाच वर आली.

डॉल्फिन मासा नाही. त्याला आपल्यासारखाच हवेचा श्वास लागतो, म्हणून वर यावेच लागते. समुद्रात तो डोळ्यांपेक्षा आवाजावर जगतो. वाट, भक्ष्य, पिल्लाची हाक, सगळे त्याला आवाजातून कळते. चार इंजिने भोवती घरघरत असताना त्याची अवस्था काय होत असेल? डोळ्यांवर पट्टी बांधून बाजारात सोडलेल्या माणसासारखी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत जागा दिली आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पण वाघाच्या मागे गाडी पळवू नये हे लोकांना ठाऊक असते.

दोष मग तांडेलाचा? परतताना आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "सर, मी लांब उभा राहिलो तर उद्याचं गिऱ्हाईक शेजारच्या बोटीत बसतं. जून-जुलैत मासेमारी बंद, पावसात ही फेरीही बंद. बाकीच्या महिन्यांत कमवायचं ते एवढंच." त्याची रोजी हलाल आहे. त्याला उपदेश करणे सोपे, कारण आमचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो.

इथे आम्हाला हजरत अबू कतादा यांची हकिकत आठवते. हुदैबियाच्या वर्षीची गोष्ट. सोबतचे लोक इहराममध्ये होते, ते नव्हते. सोबत्यांना रानगाढव दिसले. ते एकमेकांकडे पाहून हसले, पण बोलले नाहीत. अबू कतादांनी चाबूक मागितला, तोही कुणी उचलून दिला नाही. त्यांनी स्वतःच शिकार केली. ते मांस खावे की नाही, हा प्रश्न रसूलुल्लाहंपर्यंत गेला, तेव्हा त्यांनी सोबत्यांना उलट विचारले : तुमच्यापैकी कुणी त्याला हल्ला करायला सांगितले होते का? कुणी त्या जनावराकडे खूण केली होती का? नाही म्हटल्यावर खाण्याची मोकळीक मिळाली.

कुणी म्हणेल, समुद्रातली शिकार इहराममध्येही मना नाही आणि डॉल्फिन पाहणे ही तर शिकारच नव्हे. कबूल. आम्ही फतवा शोधत नाही. आम्हाला त्या प्रश्नाची रीत मोलाची वाटते. भाला कुणी मारला एवढ्यावर चौकशी थांबली नाही, सांगणाऱ्यापर्यंत आणि बोट दाखवणाऱ्यापर्यंत गेली. बोटीचे सुकाणू तांडेलाच्या हाती असते, पण "अजून जवळ घ्या" हे तीस तोंडे म्हणतात. पैसे त्यांनी दिलेले असतात. मग तीसजणांत वाटलेला दोष प्रत्येकाच्या वाट्याला तिसावा येतो, की पुरा?

स्टाफरूममध्ये यावर आमच्यात वाद झाला. एका बाईंनी विचारले, बोटच दाखवायचे नाही तर मागच्या रांगेतल्या पाचवीच्या पोरांना दिसणार कसे? पाहिले नाही तर त्या जिवाविषयी त्यांना माया तरी कुठून येईल? याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. इंजिन बंद करून लांब थांबावे आणि दिसेल तेवढे पाहावे, इतकेच ठरले. तेही बोट ठरवतानाच तांडेलाला सांगायचे, पैसे पूर्ण द्यायचे, काही दिसो न दिसो.

पुढच्या सहलीच्या संमतीपत्रात आम्ही 'डॉल्फिन दर्शन' हे शब्द काढून 'समुद्रफेरी' लिहिले. दुसऱ्याच दिवशी दोन वालिद शाळेत आले. एकाचा हातगाडीचा धंदा, दुसरा रिक्षा चालवतो. त्यांचे म्हणणे एकच होते : इतके पैसे देऊन मुलांना दिसणार काय, ते आधी सांगा.