वजनाचे इंजेक्शन आणि आपली जीभ



मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात आपण एकमेकांची विचारपूस करतो. ही चांगली प्रथा आहे. पण त्यातच कोणीतरी एखादीला सहज म्हणून जाते, "काय गं, तब्येत फारच सुधारली की!" बोलणारा हसतो. ऐकणारीही हसते. घरी गेल्यावर मात्र ती आरशासमोर उभी राहते. आजचा विषय त्या आरशापासून सुरू होतो.

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांची सध्या सगळीकडे चर्चा आहे. मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' आणि जून २०२५ मध्ये 'वेगोव्ही' ही औषधे भारतात विक्रीस आली. आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचून घ्यायची ही इंजेक्शने आहेत. आपण जेवलो की आतड्यातून काही संप्रेरके सुटतात आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवतात. ही औषधे त्यांचीच नक्कल करतात. भूक कमी होते, जठर सावकाश रिकामे होते आणि वजन उतरते.

असे औषध घेणे पाप आहे का? नाही. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषधे ही परमेश्वराचीच निर्मिती आहे असे शिकवतो. लठ्ठपणा म्हणजे केवळ खादाडपणा नव्हे. आनुवंशिकता, संप्रेरकांचे बिघाड, दुसऱ्या आजारांची औषधे अशी अनेक कारणे त्यामागे असतात. हृदयविकार असलेल्या वजनदार रुग्णांना सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्हीतील औषध, दिले असता हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी हे वरदानच आहे.

परंतु प्रत्येक औषधाला दुसरी बाजू असते. मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठता हे त्रास पुष्कळांना होतात. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो. काहींना पित्ताशयात खडे होतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. चरबीबरोबर स्नायूही झडतात. सेमाग्लुटाइडमुळे अत्यंत क्वचित डोळ्याच्या नसेला इजा होऊन दृष्टी जाऊ शकते, असा इशारा युरोपच्या औषध नियामक संस्थेने जून २०२५ मध्ये दिला. थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा इतिहास घराण्यात असेल, तर ही इंजेक्शने देत नाहीत. गरोदरपणातही ती घ्यायची नसतात. शिवाय औषध थांबवले की बहुतेकांचे वजन पुन्हा वाढते. एका अभ्यासात वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले होते. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, कोणाच्या तरी ओळखीने किंवा मोबाइलवरून मागवून ती घेऊ नयेत. बनावट सेमाग्लुटाइड बाजारात आल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्येच दिला आहे.

यातले बरेचसे धोके डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळीच लक्षात येतात. पण जे औषध लपवून घेतले जाते, त्यावर देखरेख कोण ठेवणार?

समजा, एका ताईने घरी न सांगता हे इंजेक्शन सुरू केले. तिला मधुमेह आहे आणि त्याच्या गोळ्या चालूच आहेत. काही गोळ्यांबरोबर किंवा इन्सुलिनबरोबर हे इंजेक्शन घेतले, तर साखर एकदम उतरू शकते. तिला दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात. घरचे म्हणतात, उन्हाने झाले असेल. पुढे तिचे ऑपरेशन ठरते. भूल देणारे डॉक्टर विचारतात, "कोणते औषध चालू आहे?" शेजारी सासूबाई उभ्या असतात. ती म्हणते, "काही नाही." ती रात्रीपासून उपाशी असली तरी या औषधामुळे जठरात अन्न शिल्लक राहिलेले असू शकते आणि भूल दिल्यावर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तिथे जिवावर बेतते.

ती खोटे बोलली हे खरे. पण खरे सांगायची तिला भीती का वाटली? ती जाड होती तेव्हा आपण हसलो. इंजेक्शन घेते हे कळले असते तर "कष्ट नकोत, सुई पाहिजे" म्हणून पुन्हा हसलो असतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण कधी असे हिणवतो का? "आम्ही तर गमतीने बोलतो," असे आपण म्हणतो. पण त्या गमतीची किंमत दुसऱ्याच्या देहाला मोजावी लागते. पाचव्या आज्ञेचा विचार करताना आपण शस्त्राचा विचार करतो, जिभेचा करत नाही.

इंजेक्शन घेणाऱ्यांनीही स्वतःला विचारावे: मला हे आरोग्यासाठी हवे आहे की लग्नातल्या फोटोसाठी? १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने देहाचे देव्हारे माजवण्यापासून सावध केले आहे. संयमाचा सद्गुण सांगताना त्याने अन्न, मद्य आणि तंबाखू यांच्या पंक्तीत औषधांचा अतिरेकही बसवला आहे. तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी नाकारणे जसा संयम, तसेच गरज नसलेली सुई नाकारणे हाही संयमच.

म्हणून दोन गोष्टी आजपासून करूया. औषध चालू असेल तर निदान डॉक्टरांपासून आणि घरातील एका विश्वासाच्या माणसापासून ते लपवू नका. आणि दुसऱ्याच्या अंगावरून, मग ते भरलेले असो वा उतरलेले, एक शब्दही बोलू नका. विचारायचेच असेल तर "बरी आहेस ना?" एवढे विचारा आणि उत्तर ऐकायला दोन मिनिटे थांबा.